उरलेल्या पानांची वही

रविवार, २६ जानेवारी २०२५

नातीच्या गेल्या वर्षीच्या चार वह्यांतली कोरी पानं उसवली, दाभणानं भोकं पाडली आणि दुहेरी दोऱ्यानं शिवून ही वही केली. काही पानांवर मागच्या पानाचा पाढा खोल उमटलाय, साताचा असावा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, त्यामुळे नीट दिसत नाही. मी शिवत असताना सूनबाई म्हणाली, "आई, तीस रुपयांना मिळते नवी." मिळते, मला माहीत आहे. पण खर्च लिहायच्या वहीवरच पहिला खर्च टाकायचा हे काही मनाला येईना.

निमित्त कालचं. कालपासून एसटीचं तिकीट वाढलं, शेकडा १४.९५. (हा पंधराला पाच पैसे कमी असलेला आकडा कुणी काढला असेल? आमच्या बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानात असे भाव असतात.) मी आणि सूनबाई अस्तर, काजाचा दोरा आणि मशीनचा पट्टा आणायला नगरला गेलो होतो. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेव्हा वाढही अर्धीच लागली. मागच्या बाकावरचे एक गृहस्थ करंजी घाट उतरेपर्यंत तेवढ्यावरच बोलत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना तर प्रवास फुकट. पण तो फुकट झाला आणि त्यांचे गुडघे गेले. आमचे हे कुठल्याही एसटीत बसले की शेजाऱ्याला सांगतात, राज्यातली पहिली एसटी आपल्या नगरहून पुण्याला सुटली, १ जून १९४८ ला. जणू ह्यांनीच घंटी मारली होती.

ठरलं असं: सहा माणसांच्या घरात जे काही खर्चलं जाईल ते इथं लिहायचं आणि रात्री जेवणं झाली की मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांसमोर. वाचून दाखवलं की माणूस खर्च करताना आधीच बिचकतो. बचत गटात आम्ही हेच करतो.

शुक्रवार, ३१ जानेवारी

लाइट बिल १२८ युनिट. हिवाळ्यात पंखे बंद असताना!

मुलानं मोबाइलवर हिशेब करून दाखवला. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. पाणी तापवायचा आमचा रॉड दीड हजाराचा, सकाळी सगळ्यांच्या अंघोळी धरून चाळीस मिनिटं चालतो, म्हणजे रोज बरोबर एक युनिट. महिन्याचे तीस झाले. आणि शंभरापर्यंतचा दर एक, त्याच्या पुढच्या प्रत्येक युनिटाला जवळजवळ दुप्पट. म्हणजे आमचा रॉड जवळजवळ अख्खाच त्या महागड्या पट्ट्यात तापत होता.

गोठ्यात अजून साठाचा पिवळा दिवा होता. तिथं नवाचा एलईडी लावला. म्हशीनं दोन दिवस संशयानं बघितलं.

उद्यापासून बंब. शेतात पऱ्हाट्या पडल्यात, तुराट्याही आहेत. सरपण आणायला कुणी जायचं, हे मात्र बोलण्यात आलं नाही. न बोलताच ठरलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गटाची बैठक. आम्ही बाराजणी, महिन्याला दोनशे प्रत्येकी. मी सचिव, म्हणजे लिहिणारी. आज कर्जमागण्या दोन: एक विहिरीची मोटर जळाली म्हणून, दुसरी मुलीच्या बाळंतपणाला. बाळंतपण आधी, हे कुणी सुचवायची गरज पडली नाही. व्याज शेकडा दोन महिन्याला. बाहेर कुणी आकडा ऐकला तर म्हणेल, केवढं हे! पण तेच पैसे गावात कुणाकडून उचलले तर शेकड्याला पाच, अडीनडीला दहासुद्धा. आणि गटाचं व्याज परत गटातच येतं. वर्षाच्या शेवटी ज्यानं त्यानं वाटून घ्यायचं. दुसऱ्याला दिलेलं व्याज आणि स्वतःच्या खिशातून काढून स्वतःच्याच दुसऱ्या खिशात टाकलेलं व्याज यात फरक आहे.

हे मी शहाणपणानं बोलते, पण माझे चाळीस हजार एका पतसंस्थेत अडकलेत. शिवणाचे पैसे, सात वर्षांचे. पोस्टापेक्षा किती तरी जास्त व्याज देऊ म्हणाले आणि मी पासबुकाच्या चकचकीत कव्हराला भुलले. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेला ते नसतं. हे मला पैसे अडकल्यावर कळलं. तेव्हापासून पोस्टात आरडी. शंभरापासून सुरू करता येते. तिथला पंखा कुरकुरतो, पण पैसे जागच्या जागी असतात.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

उसवायचं पातं सापडेना. नवं घेतलं. २ रु.

दूध, भाजी, नातीची रबर-पेन्सिल मिळून ८७ रु. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागते. ती प्रत्येक वेळेचा एक रुपया मागते. तोही इथं लिहायचा का, असं मुलानं विचारलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. हे आणि मुलगा पहाटे वृद्धेश्वराला जाऊन आले. उपासाचा खर्च: साबुदाणा, भगर, शेंगदाणे, रताळी, बटाटे, केळी, दूध नेहमीपेक्षा एक लिटर जास्त. रोजच्या भाकरी-आमटीच्या अडीचपट. मी आकडा वाचला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ताला उपास म्हंजी न खाणं व्हतं."

शनिवार, १ मार्च

महिना होऊन गेला. फेब्रुवारीचा गोषवारा काढला. वीज ९६ युनिट, शंभराच्या आत! किराणा थोडा खाली. पेट्रोल चांगलंच खाली, कारण मुलगा आणि त्याचा एक जोडीदार आता एमआयडीसीला एका गाडीवर जातात, एक आठवडा याची, एक आठवडा त्याची. औषध जानेवारीत ६४०, फेब्रुवारीत ३३०. थंडी सरली, खोकले गेले, म्हणून असेल.

सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हे लिहून ठेवते आहे, कारण आज रात्री मला फार बरं वाटलं.

शनिवार, १५ मार्च

परवा होळी झाली. माझं माहेर मढीचं, तेव्हा यात्रेचे दिवस आले की माझं निम्मं चित्त तिकडे असतं. कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते, रंगपंचमीला गर्दीचा कळस आणि गाढवांचा बाजार. बाहेरच्यांना तेवढंच माहीत असतं. पण यात्रेआधी समाधीला तेल लावतात आणि त्या काळात मढीच्या घराघरांत कढई चढत नाही. तळण बंद. लग्नकार्यं बंद. पलंग-गादीसुद्धा नाही. लहानपणी तो महिना फार लांब वाटायचा. आई म्हणायची, देवाला तेल लागतंय ना, मग आपल्याला कशाला?

देवाची गोष्ट देवाची. पण मी सासरी येऊन तीस वर्षं झाली तरी या दिवसांत माझा हात तेलाच्या बरणीकडे जात नाही, आणि यंदा सूनबाईनं त्याचाच आकडा काढला. आमच्या सहा माणसांना महिन्याला चार लिटर तेल लागतं. गेल्या तीस दिवसांत पावणेतीन लागलं. देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, असं तिनं कॉलेजात शिकलेलं सांगितलं. म्हणजे आमच्या भज्यांची किंमत कुठल्या कुठल्या देशातल्या पावसावर ठरते. शेंगोळ्यांचं तसं नाही. हुलगे आपल्या रानातले, जिरं-लसूण घालून पीठ मळायचं, वळायचं, उकळत्या रश्शात सोडायचं. तेल फोडणीपुरतं. येसराची आमटी तशीच. गरिबीचं जेवण म्हणून ज्याची लाज वाटायची ते आता हायवेवरच्या ढाब्यावर फलकावर लिहून विकतात, ताटाला दोनशे रुपये घेऊन.

तेल आता बरणीतून ओतायचं नाही, पळीनं घ्यायचं. एवढ्या एका गोष्टीनं सगळ्यात जास्त फरक पडला.

सोमवार, २४ मार्च

काल संध्याकाळी आत्याबाई ओट्याशी उभ्या असताना खालीच बसल्या. भिंत फिरते म्हणाल्या. दवाखान्यात नेलं. वरचं १९०, खालचं ११०. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळी चालू आहे ना?" "चालूय की." मीही मान हलवली. गोळ्यांची डबी माझ्या समोर असते रोज. दोन तास तिथं ठेवून घेतलं आणि रात्री घरी सोडलं.

घरी आल्यावर नात म्हणाली, "मोठी आजी गोळी कापून खाती. ब्लेडनं."

माझं उसवायचं पातं. त्यांच्या उशाशी, चंचीत, कागदात गुंडाळलेलं. अर्धी आज, अर्धी उद्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापासून. दीड महिना घरात कुणाच्याही लक्षात आलं नाही, आणि जे आकड्यात दिसत होतं, ६४० चे ३३०, ते मी मोठ्यानं वाचलं होतं.

मी चिडले. मग विचारलं, का? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू रोज राती वाचतीस. दूध पोरीचं, पेट्रोल पोराचं, दोरा तुझा. माझ्या नावावर वहीत औषिदाबिगर दुसरं काय येतच न्हाई."

रात्री झोप लागली नाही, म्हणून हे आज दुपारी लिहिते आहे.

आत्याबाईंना बचत कुणी शिकवली नाही. ७२ च्या दुष्काळात त्या तीस वर्षांच्या होत्या, पदरी तीन पोरं. सडकेच्या कामावर खडी फोडायच्या. तिथं सुखडी मिळायची, ती त्या पदराला बांधून घरी आणायच्या. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी. त्या सगळ्यांना वाढून झाल्यावर तव्याला जे खरवडून निघेल ते खात, आणि हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसते, थोडा अभिमानच असतो. मी लग्न होऊन आले तेव्हाही त्या शेवटीच जेवायच्या. मी त्यांच्यासोबत शेवटी जेवायला लागले. भाकरी कमी पडली तर दोघींपैकी एक म्हणायची, "मला आज भूकच नाही." तीस वर्षांत ते वाक्य आम्ही किती वेळा बोललो असू! कुठल्याही हिशेबात ते आलं नाही, पण घर त्यावर चाललं हे खरं. माझ्या वहीनं त्याच जुन्या सवयीला नवा कागद दिला, एवढंच.

आजपासून मोठ्यानं वाचणं बंद.

बुधवार, २६ मार्च

डॉक्टरांना सरळ विचारलं, याच औषधाची स्वस्तातली गोळी चालेल का? त्यांनी औषधाचं मूळ नाव लिहून दिलं आणि मुलानं नगरहून जनऔषधी केंद्रातून आणली. पट्टीची किंमत बघून आत्याबाईंचा विश्वास बसेना. एवढ्या स्वस्तात काय गुण येणार, म्हणून आता त्या दोन घेऊ का विचारतात.

गोळी आता नात देते, सकाळी शाळेत जायच्या आधी, आणि तोंड उघडून जीभ दाखवायला लावते.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढीला साखरेची गाठी, ती उतरल्यावर नातीला. उरलेला कडुनिंब सावलीत वाळत घातला, गव्हाच्या कोठीत थरावर थर घालायला. वर्षाचे गहू आताच भरायचे. उन्हं चांगली दाखवून, दाताखाली कटकन वाजेपर्यंत. तूरडाळीला एरंडेलाचा हात. बाजरी मात्र जास्त साठवून उपयोग नाही, तिचं पीठ तर आठवड्यात कडू होतं. पावसाळ्यात महिन्या-महिन्याला आणलं तर तेच धान्य किती महाग पडतं ते दुकानदाराला माहीत, मला माहीत. अडचण एवढीच की एका वेळी पैसे हातात लागतात. ज्याच्याकडे एकदम पैसे असतात त्यालाच स्वस्त पडतं. गटातून त्यासाठीही कर्ज देतो आम्ही. "धान्याला" असं वेगळं नाव आहे त्याला.

मंगळवार, ८ एप्रिल

सिलिंडर पन्नासनं वाढला. उज्ज्वलावाल्यांनाही वाढ तेवढीच. गटातल्या एकीनं फोन करून सांगितलं, जशी कुणाची वाईट बातमी सांगावी तसं.

सूनबाईनं सिलिंडरवर खडूनं तारीख लिहायला सुरुवात केली आहे. मागचा ३२ दिवस गेला होता, आताचा ४० दिवसांवर गेला. काय केलं: डाळ दोन तास आधी भिजत. कुकरमध्ये तीन डबे, डाळ-भात-बटाटे एकदम. एकट्या भातासाठी कुकर लावायचा नाही. शिट्टी झाली की आच बारीक. भाजी चिरून झाल्यावरच गॅस पेटवायचा, आधी पेटवून मग कोथिंबीर शोधत हिंडायचं नाही. यातलं काहीच नवीन नाही, पण तारीख लिहिल्यापासून पाळलं जातं.

एक मात्र नवीन, निदान सूनबाईला. तिनं मोबाइलवर पाहिलं की भांडं उकळून गवताच्या पेटीत ठेवलं तर आपोआप शिजतं. तिनं मटकी दहा मिनिटं उकळली, झाकण घट्ट लावलं आणि दोन गोधड्यांत गुंडाळून ठेवली. दोन तासांनी उघडलं तर मऊ. ती हरखली. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "आम्ही चुलीच्या वैलावर ठिवून रानात जायचो. आलं की शिजल्यालं. तुमाला गोधडी लागती."

पऱ्हाट्या आहेत, तर चूलच पुन्हा पेटवावी का, असं ह्यांनी सुचवलं. मी नाही म्हटलं, आणि जरा जोरातच म्हटलं. बंबाचं ठीक आहे, तो अंगणात असतो, धूर वर जातो. स्वयंपाकघरातली चूल माझ्या आईनं चाळीस वर्षं फुंकली. शेवटी तिला माणूस आवाजावरून ओळखावा लागायचा. बंबाचं सरपणही आता ह्यांनी आणायचं. हे मात्र बोलून ठरवलं.

गुरुवार, १७ एप्रिल

नळाला पाणी आलं, मुळा धरणाचं. आमची मिरी-तिसगाव योजना. पाणी येण्याच्या दिवशी घराची घडीच वेगळी: आधी पिण्याचा रांजण, मग टाकी, मग ड्रम, मग कळशा, शेवटी पातेली, तांबे, नातीची पाण्याची बाटली. एक नळ थेंबथेंब गळत होता. रात्री त्याखाली बादली ठेवली, सकाळी निम्मी भरलेली. दहा रुपयांचा वायसर.

तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भाजी धुतलेलं कढीपत्त्याला, कपड्यांचं दुसरं पाणी फरशीला. गेल्या वर्षी गटाची सहल हिवरे बाजारला गेली होती. त्या गावात दरवर्षी पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, याचा ताळेबंद गावसभेत मांडतात आणि मग कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतरचं हे. पाहून येताना गाडीत एकजण म्हणाली, "आपण घरात करतो तेच त्यांनी गावाचं केलं." दुसरी म्हणाली, "पण घरात आपण केलं तर कुणी बघायला येत नाही." सगळ्या हसलो. पुढं बराच वेळ कुणी बोललं नाही.

बुधवार, ३० एप्रिल

आखिती. गेल्या आठवड्यात सोनं तोळ्याला लाखावर गेलं. आम्ही करा-केळी आणि एक माठ आणला, १८० रु. ह्यांच्या मते आजच्या दिवशी गावात आमचीच खरेदी सगळ्यात फायद्याची, कारण माठ थंड होतो आणि सोनं होत नाही.

पंखे पूर्ण वेळ सुरू. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. बारा तासांत अर्ध्या युनिटाचा फरक. पंख्याची किंमत काही उन्हाळ्यांत वसूल. एकच घेतला, आत्याबाईंच्या खोलीत. त्या म्हणतात वारं कमी लागतं. वारं तेवढंच आहे. आवाज नाही म्हणून वाटतं.

मंगळवार, ६ मे

आज चौंडीला मंत्रिमंडळाची बैठक. अहिल्यादेवींचं तीनशेवं जयंती वर्ष, आणि नगरचं आता अहिल्यानगर झालेलं. टीव्हीवर दिवसभर तेच.

त्यांच्याबद्दल मला सगळ्यात जवळची वाटते ती गोष्ट भाषणांत क्वचित येते. होळकरांकडे दौलतीचा खजिना वेगळा आणि राणीची खासगी वेगळी. घाट, बारवा, देवळं, अन्नछत्रं यांचा पुष्कळ खर्च त्यांनी त्या खासगीतून केला. म्हणजे राज्य हातात असलेल्या बाईलासुद्धा स्वतःचा असा एक हिशेब वेगळा होता.

माझी खासगी तांदळाच्या डब्यात असायची, तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. आईची मोहरीच्या डब्यात. चोरी नव्हे ती, पण लपवणं होतंच. आता लाडकी बहीणचे दीड हजार खात्यावर येतात. त्या योजनेचं राजकारण कुणाला काय करायचं ते करो. पासबुकात माझ्या नावापुढं दरमहा एक आकडा छापून येतो, एवढं मी बघते. पहिले तीन महिने मी ते काढून घरखर्चात घातले आणि कुणी विचारलंही नाही. चौथ्या महिन्यापासून सूनबाईनं काढू दिले नाहीत. आरडीत वळते केले तिनं, मला न सांगता. रागावले होते तेव्हा.

रविवार, १८ मे

कुरडया. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलून. काल वाटून चीक काढला, रात्रभर निवळू दिला. पहाटे चारला उठून हिंग-मीठ घालून शिजवला. गल्लीतल्या सातजणी सोऱ्या घेऊन आल्या. उद्या त्यांच्याकडे आम्ही. उन्ह वर यायच्या आत धाब्यावर तीन साड्या भरून कुरडया. जुन्या साड्या: एक माझी, दोन आत्याबाईंच्या. पुढच्या वर्षी त्याच गोधडीत जातील. बोहारणीला द्यायच्या नाहीत, कारण ती आता साडीवर प्लॅस्टिकचं टोपलं देते. पूर्वी स्टीलचं पातेलं यायचं.

नवा चीक साखर-दूध घालून पोरींनी खाल्ला, तो वेगळाच आनंद.

संध्याकाळी सूनबाई हिशेब लिहायला बसली. गहू, हिंग, मीठ, दळण, गॅस: किलोला बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. मग तिनं पेन थांबवून विचारलं, "आई, सातजणी आणि आपण दोघी, पहाटे चारपासून अकरापर्यंत. हे कुठं लिहू?"

मी म्हटलं, मजुरी धरली तर कुरडई बाजारातली स्वस्त पडेल. म्हणजे बचत होते ती आपल्या कमरेची. ती म्हणाली, "मग?" मग काय, मला उत्तर सुचलं नाही. कारण सकाळी किती हसलो होतो आम्ही! तेही कुठं लिहायचं हे तिनं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

बुधवार, २१ मे

कुरडया गेल्या. सगळ्या गेल्या. रात्री वीज कडाडली तेव्हा मी आणि सूनबाई अंधारात धाब्यावर धावलो. निम्म्या उचलल्या, निम्म्यांचा पुन्हा चीक झाला. उचललेल्याही आज काळ्या पडल्यात. मेमध्ये असा पाऊस ह्यांनीही पाहिला नव्हता. शेजारच्यांचा कांदा रानात काढून पडलेला, त्यापुढं आमच्या कुरडया म्हणजे काहीच नाही. म्हशीनं खाल्ल्या, आवडीनं.

मंगळवार, २७ मे

पाऊस थांबेना. काल मान्सून मुंबईला पोचलासुद्धा. नगर तालुक्यात पूर आला म्हणतात. सरपण भिजलं, बंब बंद, रॉड सुरू. या महिन्यात शंभर युनिटं ओलांडणार.

बाजारातून अर्धा किलो कुरडया आणल्या. आत्याबाईंनी एक तळलेली मोडून बघितली आणि बाजूला ठेवली.

मंगळवार, ३ जून

(हे सूनबाईचं अक्षर.)

आई कालपासून मढीला, मामांकडे. दोन दिवस वही माझ्याकडे.

दूध ६४. भाजी ४०. बेसन ५५. वायसर अजून एक, १०.

मोठ्या आजींनी गोळी घेतली, अख्खी. काल घेतली. दूधही घेतलं, आधी नको म्हणाल्या.

आईंच्या मशीनच्या खणात दोरा शोधताना चष्म्याच्या नंबराची चिठ्ठी सापडली. २०२२ ची. डॉक्टरांनी तेव्हाच नवा चष्मा करायला सांगितलेला. जुन्याची काडी त्यांनी यंदा तिसऱ्यांदा बांधली. मी वही मागं चाळली. सगळ्यांचे खर्च आहेत. आईंच्या नावावर दोरा, पट्टा, पातं एवढंच.

गुरुवारी त्यांना नगरला घेऊन जाते. त्यांना सांगितलेलं नाही. चष्मा ९०० धरला आहे, आजच खर्चात लिहिला, म्हणजे आल्यावर खोडायला नको.

बस, दोन अर्धी तिकिटं.